घरातील हिरवे पाणी

चेन्नईच्या मूर मार्केट स्थानकावरून उत्तरेकडे सुटणाऱ्या उपनगरी गाड्यांपैकी बऱ्याच गुम्मिडिपूंडीपर्यंत जाऊन परत फिरतात. तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील हे गाव आज औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. परंतु गाव ओलांडून पूर्वेकडे गेले की कारखाने मागे पडतात आणि पुलिकतचे विस्तीर्ण सरोवर लागते. तमिळ भाषेत त्याला पळवेर्काडु म्हणतात. चिलिकाच्या खालोखाल भारतातील निमखाऱ्या पाण्याचे हे सर्वांत मोठे सरोवर होय. श्रीहरिकोटाचे लांबट बेट ते आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये आडवे पडले आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसात आरणी आणि कालंगी या नद्या गोडे पाणी आणून सोडतात व सरोवराचा खारेपणा एकदम उतरतो. उन्हाळ्यात हेच पाणी आटून काही भागांत समुद्राहूनही खारट होते.

या सरोवरातील कोळंबी, खेकडे व मासे यांवर कित्येक गावांचा चरितार्थ चालतो. जाळ्यात सापडते ते सर्वांना दिसते. ते ज्याच्यावर पोसले जाते ते मात्र डोळ्यांस दिसत नाही. सरोवराचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरले तर किंचित हिरवट किंवा पिवळसर झाक दिसते, एवढेच. त्या झाकेत दर मिलिलिटरमागे हजारो एकपेशीय वनस्पती तरंगत असतात. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या या वनस्पतींना वनस्पतिप्लवक असे नाव आहे. पृथ्वीवर होणाऱ्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा वाटा त्यांचा आहे. समुद्रातील बहुतेक सर्व अन्नसाखळ्या त्यांच्यापासून सुरू होतात.

घरातील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात नेमकी हीच पहिली कडी नसते. पेटीतील पाणी गाळण्यांतून सतत फिरविले जाते, ते जितके नितळ तितके चांगले असे मानले जाते, आणि माशांना वरून सुके अथवा गोठविलेले खाद्य दिले जाते. मोठ्या माशांचे त्यावर भागते. परंतु पाणी गाळून खाणारे प्राणी, म्हणजे शिंपले, स्पंज, पंख्यासारखे तुरे पसरणारे नलिकाकृमी, हे त्या नितळ पाण्यात हळूहळू उपाशी मरतात. कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांचीही तीच गत होते आणि त्यांच्यावरच जगणारे काही सुंदर मासे महिन्या-दोन महिन्यांत खंगून जातात. घरी माशांची पिल्ले वाढवावयाची असतील तर प्रश्न आणखी बिकट होतो. यास्तव हिरवे पाणी वेगळ्या बाटलीत तयार करून मत्स्यालयाला पुरविणे हा उपाय निघाला. तो अवघड नाही. मात्र त्यासाठी नियमितपणा लागतो आणि बाटली भरभराटीला आली असतानाच ती मोडण्याची मनाची तयारी लागते.

ही विद्या मत्स्यालयाच्या हौसेतून जन्मलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिएर मिकेल या फ्रेंच संशोधकाने करंडक वनस्पती शुद्ध स्वरूपात वाढविण्यासाठी क्षारांची द्रावणे तयार केली. करंडक वनस्पती म्हणजे डायाटम. त्यांचे कवच वाळूच्याच द्रव्याचे, सिलिकाचे, बनलेले असते आणि कुंकवाच्या करंड्याप्रमाणे त्याचे तळ आणि झाकण असे दोन भाग असतात. मराठी नाव त्यावरूनच पडले. १९१० मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथील प्रयोगशाळेत ॲलन आणि नेल्सन यांनी मिकेलची पद्धत सुधारली. शुद्ध क्षारांपासून बनविलेल्या कृत्रिम समुद्रजलात करंडक वनस्पती नीट वाढत नाहीत, पण त्यात थोडेसे खरे समुद्रजल मिसळले की त्या जोमाने वाढतात, असे त्यांना दिसून आले. त्या थोड्याशा पाण्यात काय असावे हे कोडे पुढे पुष्कळ वर्षांनी उलगडले. अत्यल्प प्रमाणात लागणारे धातू आणि जीवनसत्त्वे, विशेषतः ब-१२, ही ती द्रव्ये होत. कित्येक शैवालांना ब-१२ स्वतः तयार करता येत नाही, ते त्यांना जीवाणूंकडून मिळते.

आइल ऑफ मॅन या बेटावरील पोर्ट एरिन येथे १९३० नंतरच्या दशकात मेरी पार्क या विदुषीने एक सोनेरी, पोहणारे सूक्ष्म शैवाल वेगळे काढले. कालवांची पिल्ले त्यावर उत्तम वाढली. त्याचे नाव आयसोक्रायसिस गॅल्बाना. याच सुमारास जपानमध्ये मोतोसाकू फुजिनागा कोळंबीच्या अंड्यांपासून पिल्ले वाढविण्याच्या खटपटीत होते. अंडी फुटत, पिल्ले बाहेर पडत आणि थोड्याच काळात मरत. त्यांना स्केलेटोनेमा या करंडक वनस्पतीचा आहार दिल्यावर ती जगू लागली. हे संशोधन १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजच्या कोळंबी-बीज उत्पादनाचा सारा व्यवसाय त्याच्यावर उभा आहे.

तमिळनाडूला ही परंपरा परकी नाही. मद्रासच्या किनाऱ्यावरील तरंगत्या करंडक वनस्पतींचे पद्धतशीर वर्णन आर. सुब्रह्मण्यन यांनी १९४६ मध्येच प्रसिद्ध केले होते. १९८१ मध्ये तूतुकुडी येथे केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोत्यांच्या कालवांचे बीज प्रयोगशाळेत तयार केले, तेव्हा त्या डिंभांचे मुख्य अन्न मेरी पार्क यांनी शोधलेले आयसोक्रायसिसच होते. १९८७ मध्ये चेन्नईत केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्था स्थापन झाली. शहराच्या दक्षिणेस मुट्टुकाडु येथे तिचे प्रायोगिक केंद्र आहे.

बीज केंद्रात शैवालाचे महत्त्व किती असते ते कोळंबीच्या पहिल्या चार दिवसांवरून कळते. अंड्यातून बाहेर पडलेल्या डिंभाला नॉप्लियस म्हणतात. तो काही खात नाही, शरीरातील बलकावर जगतो. ही शिदोरी साधारण दीड ते दोन दिवस पुरते. नंतर तो कात टाकून प्रोटोझोइया या अवस्थेत जातो, त्याला तोंड व अन्नमार्ग प्राप्त होतो आणि त्या क्षणापासून त्याला पाण्यात तरंगणारे अन्न हवे असते. तो अन्नाच्या मागे धावत नाही. पोहता पोहता जे पायांच्या केसाळ गाळणीत येईल तेच खातो. कीटोसेरॉससारखी करंडक वनस्पती त्या तासाला टाकीत दाट असली तर लक्षावधी पिल्ले पुढच्या अवस्थेत जातात. ती दुसऱ्या दिवशी तयार होणार असेल तर त्या घाण्यातील बहुतेक पिल्ले तोपर्यंत मेलेली असतात. म्हणून बीज केंद्रात शैवालाची खोली ही सर्वांत स्वच्छ, सर्वांत थंड आणि रात्रीसुद्धा राखण असलेली जागा असते. आत जाताना पादत्राणे बाहेर काढावी लागतात.

घरगुती पातळीवर शैवाल वाढविण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्नही चेन्नईचाच आहे. तरमणी येथील मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने सी. व्ही. शेषाद्री यांच्या मार्गदर्शनाखाली १९८० नंतरच्या दशकात खेड्यातील कुटुंबांसाठी मातीच्या मडक्यांत स्पिरुलिना वाढविण्याची पद्धत विकसित केली. ती माणसांच्या आहारासाठी होती. तिची येथे आठवण काढण्याचे कारण निराळे आहे. स्पिरुलिना अतिशय अल्कधर्मी, सोडायुक्त पाण्यात वाढते आणि अशा पाण्यात इतर जीव सहसा टिकत नाहीत. तिच्याभोवती तिच्या पाण्याचाच कोट असतो. समुद्री शैवालांना असे संरक्षण नाही. जे पाणी त्यांना मानवते तेच त्यांना खाणाऱ्या असंख्य जीवांनाही मानवते. मडके अंगणात ठेवून स्पिरुलिना काढता येते, परंतु समुद्री शैवालासाठी बाटलीला बोळा, पाण्याला निर्जंतुकीकरण आणि हातांना साबण लागतो.

पाणी

गुम्मिडिपूंडीच्या रहिवाशाला समुद्र जवळ आहे, पण म्हणून कोणतेही समुद्रजल चालत नाही. सरोवराचे पाणी गढूळ असते व त्याचा खारेपणा ऋतूप्रमाणे बदलतो. दक्षिणेकडील एन्नोरच्या खाडीचे पाणी तर टाळावेच. जानेवारी २०१७ मध्ये त्या बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन किनाऱ्यावर तेल पसरले होते आणि डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पुरानंतर खाडीतच तेलाचा तवंग आला होता. पाणी उघड्या समुद्राचे, नदीच्या मुखापासून दूरचे, आणि शक्यतो पाऊस संपून दोन महिने लोटल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये आणलेले असावे. ते दाट कापडातून गाळून, झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये भरून काही आठवडे अंधारात ठेवले की गाळ बसतो आणि त्यातील मूळचे शैवाल मरून जाते. ज्यांना समुद्र दूर आहे त्यांनी मत्स्यालयासाठी मिळणारे तयार मीठ वापरावे. साधे मिठागराचे मीठ पुरत नाही. समुद्रजल म्हणजे केवळ मिठाचे पाणी नव्हे.

उघड्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शैवालासाठी ते २५ ते ३० पर्यंत उतरविलेले बरे. त्यासाठी गोडे पाणी मिसळून घनतामापकाने तपासावे. नळाचे पाणी वापरल्यास त्यातील क्लोरीनचा विचार करण्याचे कारण नाही, कारण पुढची पायरी क्लोरीनचीच आहे.

लिटरभर पाण्यात सुमारे ४ टक्के क्लोरीन असलेले विरंजक द्रावण अर्धा मिलिलिटर घालून बाटली झाकून रात्रभर ठेवतात. यामुळे पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम क्लोरीन येतो व बहुतेक सर्व जीव नष्ट होतात. सकाळी हा क्लोरीन काढून टाकावा लागतो, नाही तर तो शैवालाचाही जीव घेतो. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट वापरतात. छायाचित्रे घरी धुण्याचा काळ ज्यांना आठवतो त्यांना हे द्रव्य हायपो या नावाने परिचित आहे. १०० ग्रॅम स्फटिक लिटरभर पाण्यात विरघळवून ठेवले तर त्यातील सुमारे दीड मिलिलिटर द्रावण वरील एक लिटर पाण्याला पुरेसे होते. नंतर काही तास हवा सोडावी. वास गेला म्हणजे क्लोरीन गेला असे समजू नये. जलतरण तलावासाठी मिळणारे तपासणीचे थेंब घालून, पाण्याला रंग येत नाही याची खात्री करूनच पुढे जावे. विरंजक द्रावणात आम्ल किंवा दुसरे कोणतेही स्वच्छतेचे द्रव्य कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

पाणी उकळून निर्जंतुक करण्याकडे अनेकांचा कल असतो. फार उकळलेल्या समुद्रजलात पांढरा साका बसतो आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. मूळ बियाण्याच्या लहान नळ्यांसाठी प्रेशर कुकर उपयोगी पडतो. मोठ्या बाटल्यांना क्लोरीनच सोयीचा आहे.

खत, हवा आणि उजेड

समुद्राचे पाणी कितीही चांगले असले तरी त्यातील नत्र आणि स्फुरद बाटलीतील दाट पिकाला एक-दोन दिवसच पुरतात. १९६२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गिलार्ड आणि जॉन राइथर यांनी एक पोषक मिश्रण सुचविले. त्याची निम्मी मात्रा आज जगभर वापरली जाते. लिटरमागे ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट, ५ मिलिग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, आणि करंडक वनस्पती असतील तरच ३० मिलिग्रॅम सोडियम सिलिकेट, असे त्याचे मुख्य घटक आहेत. यांशिवाय लोह, मँगेनीज, जस्त, तांबे, कोबाल्ट व मॉलिब्डेनम यांचे अंश लागतात. नुसते लोह समुद्रजलात टाकले तर गंजून तळाशी बसते, म्हणून ते ईडीटीए या द्रव्याशी बांधून देतात. ब-१, ब-१२ आणि बायोटिन ही जीवनसत्त्वे पाणी थंड असताना शेवटी घालावी. ही सर्व द्रावणे हजारपट दाट करून ठेवली म्हणजे लिटरमागे प्रत्येकी एक मिलिलिटर घातले की काम होते. रोजच्या रोज मिलिग्रॅम तोलत बसण्याची गरज राहत नाही.

बीज केंद्रांतील मोठ्या उघड्या टाक्यांत मात्र शेतीचीच खते वापरतात: दर हजार लिटरला १०० ग्रॅम अमोनियम सल्फेट, १० ग्रॅम सुपरफॉस्फेट आणि १० ग्रॅम युरिया. हे स्वस्त पडते आणि खेड्यापाड्यांत मिळते, त्यामुळे घरी तेच का वापरू नये असे वाटणे साहजिक आहे. परंतु न वापरला गेलेला अमोनिया बाटलीतून मत्स्यालयात जातो आणि लहान पेटीत तो माशांच्या पिल्लांना घातक ठरतो. टाकीतील काटकसर घरात महागात पडते.

बाटली पारदर्शक, एक-दोन लिटरची, सरळ भिंतींची असावी. हवेचा लहान पंप, त्याच्या नळीत कापसाची गाळणी आणि बाटलीच्या तळापर्यंत पोहोचणारी एक कडक नळी पुरते. बुडबुडे मोठे असावेत. बारीक बुडबुड्यांचे दगड लावले की फेस येतो आणि पेशी कडेला चिकटून वाळतात. हवेचे काम केवळ ढवळणे नव्हे. शैवाल कार्बन डायऑक्साइड शोषून घेते तसे पाणी अधिकाधिक अल्कधर्मी होत जाते. आत जाणारी हवा ती तूट भरून काढते.

उजेडासाठी पूर्वी चार फुटी ४० वॉटच्या नळीचा दिवा वापरीत. आज एलईडीचा पांढरा दिवा त्याचे काम कमी उष्णतेत करतो. दिवसाचे सोळा तास उजेड आणि आठ तास अंधार ही वाटणी बहुतेक जातींना मानवते. खिडकीतील थेट ऊन टाळावे. त्याने बाटली तासाभरात तापते.

उष्णता हीच या प्रदेशातील खरी अडचण आहे. शैवालाविषयीची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आणि त्यांत २० अंश सेल्सियस हे नेहमीचे तापमान धरलेले असते. चेन्नईत ३१ मे २००३ रोजी तापमान ४५ अंशांवर गेले होते. इतके नेहमी होत नसले तरी मे महिन्यात पंख्याखालची खोलीही ३३-३४ अंशांवर असते. बाटल्या परातीत पाणी घालून त्यात ठेवणे व त्यांना ओले फडके गुंडाळणे हा देशावर चालणारा उपाय किनाऱ्याच्या दमट हवेत फारसा लागू पडत नाही. त्यापेक्षा दिवे रात्री लावावे आणि शैवालाची आठ तासांची रात्र भर दुपारी पाडावी. दिव्याची उष्णता आणि दिवसाची उष्णता यांची गाठ पडू न देणे एवढ्यानेही दोन-तीन अंशांचा फरक पडतो.

जात निवडतानाही हेच पाहावे. मेरी पार्क यांचे मूळ आयसोक्रायसिस थंड समुद्राचे आहे, ते उष्म्यात गळून जाते. ताहिती बेटाकडून आणलेला त्याचा सोयरा, ज्याला आता टिसोक्रायसिस असे वेगळे नाव मिळाले आहे, उष्ण पाण्यात आनंदाने वाढतो. कीटोसेरॉसच्या काही जाती ३० अंशांनाही तग धरतात. नवशिक्याने नॅनोक्लोरॉप्सिसपासून सुरुवात करावी हे उत्तम. ही हिरवी, दोन ते चार मायक्रॉन व्यासाची, निश्चल पेशी आहे. ती लवकर तळाशी बसत नाही, पंप बंद पडला तर दिवसातून काही वेळा बाटली हलविली तरी चालते, आणि जेथे विजेचा भरवसा नाही तेथे हा गुण लहान नव्हे. शुद्ध बियाणे मात्स्यिकी संशोधन संस्थांकडून मिळविता येते. ओळखीच्या हौशी माणसाच्या टाकीतून पेलाभर पाणी मागून आणणे सोपे असते, पण त्याबरोबर त्या टाकीतले पाहुणेही येतात.

विरजणाचा हिशोब

तयार पाण्यात बियाणे घालण्याची क्रिया घरोघरीच्या विरजणासारखी आहे. पाच भाग नवीन पाण्यास एक भाग जुने हिरवे पाणी हे प्रमाण साधारण ठीक. पहिला दिवस काहीच घडल्यासारखे वाटत नाही. पेशी नव्या पाण्याला सरावत असतात. मग वाढ सुरू होते ती दुपटीने. दिवसाला एक दुप्पट धरली तर फिकट बाटली तिसऱ्या-चौथ्या दिवशी गडद होते. नंतर पेशींची एकमेकींवर सावली पडते, नत्र संपत येतो, वाढ मंदावते आणि थांबते. त्यानंतर काही दिवस बाटली तशीच गर्द हिरवी दिसत राहते आणि मग एका रात्रीत कोसळते. सकाळी पाणी पिवळट, वर फेस, तळाशी चिकट साका आणि कुजका वास.

येथे विरजणाची उपमा सोडून द्यावी लागते. दही लागले की ते काही काळ टिकते, हिरवे पाणी लागले की त्याची उतरण सुरू झालेली असते. बाटली सर्वांत सुंदर दिसते तेव्हा तिच्यातील पेशी थकलेल्या असतात, आणि त्या घेऊन सुरू केलेली पुढची बाटली पहिल्या दिवशीच मागे पडते. बियाणे घ्यावयाचे ते बाटली अजून जोमाने वाढत असताना, पूर्ण गडद होण्याच्या एक-दोन दिवस आधी. ज्यांना हे जमत नाही त्यांच्या बाटल्या वारंवार मरतात आणि दोष पाण्याला दिला जातो.

हा क्षण ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शकातून पेशी मोजणे उत्तम. ते नसेल तर एका काठीच्या टोकाला पांढरी चकती लावून, काठीवर सेंटिमीटरच्या खुणा कराव्या आणि ती पाण्यात बुडवून चकती किती खोलीवर दिसेनाशी होते ते रोज एका वहीत लिहावे. आकडा झपाट्याने कमी होत असेल तोवर वाढ चालू आहे. तो दोन दिवस स्थिर राहिला तर उशीर झाला. काठी मात्र दर वेळी उकळत्या पाण्याने धुवावी, किंवा काढून घेतलेल्या पेल्यात मोजमाप करावे.

याशिवाय एक राखीव नळी निराळ्या जागी, मंद उजेडात, हवा न सोडता ठेवावी व दोन-तीन आठवड्यांनी तिचे नवे विरजण लावावे. रोजच्या बाटल्या कधी ना कधी बिघडतातच. राखीव नळी असली तर आठ दिवसांचे नुकसान होते. ती नसली तर सारे मुळापासून आरंभावे लागते.

बाटली बिघडविणाऱ्या शत्रूंत रोटिफर हा पहिला. हा चिमुकला प्राणी तोंडाभोवतीच्या केसांच्या चक्राने पाणी ओढून शैवाल खातो आणि अनुकूल पाण्यात त्याच्या माद्या नराविनाच प्रजनन करतात. एक मादी हिरव्या बाटलीत शिरली तर आठवड्याभरात बाटली नितळ होते. गंमत अशी की माशांच्या पिल्लांना हाच रोटिफर हवा असतो. जपानमध्ये १९६० नंतर तो बीज केंद्रांत येऊन बसला आणि हिरव्या पाण्याचा निम्मा उपयोग त्याला पोसण्यासाठीच होऊ लागला. तात्पर्य, ज्या घरात शैवाल आहे त्या घरात शैवालाचा शत्रूही जाणूनबुजून पाळलेला असतो. दोघांच्या खोल्या शक्य तर वेगळ्या असाव्या, पंप आणि नळ्या नक्कीच वेगळ्या असाव्या, आणि रोज सकाळी आधी शैवालाचे काम उरकून मगच रोटिफरच्या भांड्याला हात लावावा. उलट क्रम एकदाही चालत नाही.

रोटिफरला बेकरीचे यीस्ट घालूनही वाढविता येते. जपानी केंद्रांनी तसे केले आणि रोटिफर भरपूर झाले, परंतु ते खाणारी माशांची पिल्ले मोठ्या संख्येने मरू लागली. १९७० नंतरच्या दशकात त्याचे कारण सापडले. समुद्री माशांना आवश्यक असलेली काही लांब साखळीची मेदाम्ले यीस्टमध्ये नसतात, ती शैवालातच तयार होतात. नॅनोक्लोरॉप्सिसमध्ये त्यांतील एक विपुल असते, आयसोक्रायसिसमध्ये दुसरे. म्हणून दोन्ही मिळून दिलेली बरी.

मत्स्यालयात

वाढलेले शैवाल पेटीत घालताना हात आखडता ठेवावा. शंभर लिटर पाण्याला प्रथम दिवसाला दहा-पंधरा मिलिलिटर पुष्कळ झाले. फेस काढणारे यंत्र आणि अतिनील दिवा एक-दोन तास बंद ठेवावा. पाणी तासाभरात पुन्हा स्वच्छ झाले तर कोणीतरी ते खात आहे. दुसऱ्या दिवशीही हिरवटच राहिले तर मात्रा कमी करावी. उरलेले शैवाल शीतपेटीत ठेवता येते. नॅनोक्लोरॉप्सिस काही आठवडे टिकते, रोज एकदा हलविले पाहिजे. करंडक वनस्पती इतका दम धरीत नाहीत.

भारतात पोवळी बनविणारे प्राणी आणि मोठे ट्रायडॅक्ना शिंपले वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ते समुद्रातून आणून पेटीत ठेवता येत नाहीत. घरच्या हिरव्या पाण्याचा खरा कस त्यामुळे येथे निराळ्याच ठिकाणी लागतो, तो म्हणजे विदूषक माशाच्या प्रजननात. समुद्रपुष्पाच्या आश्रयाने राहणारा हा नारिंगी-पांढरा मासा पेटीत जोडी जमवितो आणि दगडावर अंडी घालतो. नर त्यांची राखण करतो, पंखांनी त्यांना वारा घालतो. सातव्या-आठव्या दिवशी, अंधार पडल्यावर, अंडी फुटतात. तीन-चार मिलिमीटर लांबीची पिल्ले बाहेर येतात. त्यांच्याजवळ बलक थोडा असतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या आजूबाजूला पुष्कळ रोटिफर असावे लागतात.

रोटिफर दाट व्हायला पाच-सहा दिवस लागतात आणि त्यांना पोसणारे शैवाल तयार व्हायला त्याआधी आणखी पाच-सहा. दोन्ही मिळून जे होते ते आठ दिवसांत बसत नाही. दगडावरची नारिंगी अंडी पाहून हर्षाने बाटली भरावयास घेणाऱ्याला त्याच दिवशी उशीर झालेला असतो. पहिल्या वेळची बहुतेक सर्व पिल्ले अशीच जातात. जोडी जमलेली दिसली की अंडी येवोत न येवोत, हिरवे पाणी चालू ठेवावे लागते, आणि ती जोडी बहुधा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा अंडी घालते तेव्हा ते तयार सापडते. पिल्लांच्या टाकीतही थोडे शैवाल घालतात. त्यावर रोटिफर पोसलेले राहतात, पिल्लांच्या विष्ठेतील अमोनिया ते शोषून घेते, आणि हिरवट पार्श्वभूमीवर पिल्लांना भक्ष्य चांगले दिसते असाही अनुभव आहे. दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या सुमारास अंगावर पांढरे पट्टे उमटू लागले की रोटिफरची गरज संपत येते.

जुन्या, कोसळलेल्या बाटल्या गटारात किंवा सरोवराकडे जाणाऱ्या ओढ्यात रिकाम्या करू नयेत. त्यांतील जात ताहितीची असू शकते. पाण्यात विरंजक द्रावण घालून रात्रभर ठेवावे, सकाळी हायपो घालून मगच ते मोरीत सोडावे, आणि बाटली धुऊन उन्हात पालथी घालावी.